सल्लेखना आणि सेप्पुकू : मरणाचे दोन अर्थ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिर्डी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मरणाविषयी बोलायचे, हे काहींना खटकेल. परंतु आपल्या परंपरेने मरणाला कधीच अमंगल मानलेले नाही. श्रावकाचे तीन मनोरथ आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. परिग्रहाचा त्याग केव्हा घडेल, दीक्षेचा योग केव्हा येईल आणि अंतसमयी संथारा केव्हा लाभेल, असे ते तीन मनोरथ. रोजच्या प्रतिक्रमणात आपण संलेखनेच्या पाच अतिचारांची आलोचना करतो. शिवाय आपण जेथे बसलो आहोत ती शिर्डी समाधीची नगरी आहे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, साईबाबांनी येथे देह ठेवला. तेव्हापासून देशभरातून लोक एका समाधीच्या दर्शनाला येथे येतात. 'वारले', 'देह ठेवला', 'समाधिस्थ झाले', 'आत्महत्या केली' हे चार प्रयोग मराठी माणूस एकाच अर्थाने कधी वापरत नाही. मरण एकच असले तरी त्याचे अर्थ अनेक आहेत, हे आपली भाषाच सांगते.

आजचा विषय निवडण्याचे कारण असे की, आपली शिकलेली मुले एक प्रश्न वारंवार विचारतात. संथारा आणि जपानी लोकांची हाराकिरी यांत फरक तो काय? दोन्हींत माणूस स्वेच्छेने मरण पत्करतो, दोन्हींत विधी असतो, दोन्हींना समाज मान देतो. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो झटकून टाकला तर मुलांचा धर्मावरचा विश्वास कमी होईल. त्याचे उत्तर द्यायचे असेल, तर आधी जपानची ती प्रथा नीट समजून घेतली पाहिजे.

जपानची परंपरा

'हाराकिरी' हा शब्द मराठीत आता घरचाच झाला आहे. क्रिकेटमध्ये भराभर विकेट गेल्या, की वर्तमानपत्रे 'फलंदाजांची हाराकिरी' असा मथळा देतात. जपानमध्ये मात्र हा बोलीतला, काहीसा ओबडधोबड शब्द समजला जातो. 'पोट' आणि 'चिरणे' या अर्थाची दोन चित्राक्षरे तीच. ती उलट क्रमाने लिहून चिनी वळणाने उच्चारली की 'सेप्पुकू' हा प्रतिष्ठित शब्द होतो. पोटच का, असा प्रश्न पडतो. प्राचीन जपानी समजुतीनुसार माणसाचा संकल्प, त्याचे खरे अंतःकरण पोटात वसते. आपण 'पोटात एक, ओठात एक' असे म्हणतो, त्याच्या जवळची ही कल्पना आहे. माझ्या पोटात पाप नाही, पाहायचे असेल तर पाहा, असे जगाला दाखविणे हा त्या कृतीचा मूळ आशय होता.

या प्रथेचा आरंभ बाराव्या शतकातील यादवी युद्धांत दिसतो. इ. स. ११८० मध्ये उजी येथील लढाईत पराभव झाल्यावर मिनामोतो नो योरिमासा या वृद्ध सरदाराने ब्योदोइन मंदिराच्या आवारात प्राणत्याग केला. मरणापूर्वी त्याने एक कविता रचली, असे सांगतात. पुढे अंतकाळी कविता लिहिणे हा या विधीचाच भाग बनला. शत्रूच्या हाती जिवंत सापडून विटंबना होऊ नये, हा त्यामागील पहिला हेतू होता. आपल्याकडील राजपूत जोहाराची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

सतराव्या शतकात जपानमध्ये तोकुगावा घराण्याची स्थिर राजवट आली, लढाया थांबल्या आणि सामुराई योद्धे कारकुनी करू लागले. तेव्हा सेप्पुकूला नवे रूप आले. ती सरदारवर्गाला देण्यात येणारी शिक्षा झाली. सामान्य गुन्हेगाराचा शिरच्छेद होई. सामुराईला 'स्वतः मरण्याचा मान' मिळे. पांढरी वस्त्रे, ठराविक बैठक, नेमलेले साक्षीदार, आणि यातना लांबू नयेत म्हणून मागे तलवार घेऊन उभा असलेला सहायक, असे सारे काटेकोर नियम ठरले. पुढे पुढे तर शस्त्राऐवजी केवळ पंखा समोर ठेवीत. त्याकडे हात जाताच सहायक आपले काम उरकून घेई. आशय विरत गेला आणि विधी तेवढा राहिला.

स्वामीच्या मागोमाग सेवकांनी मरण्याची चालही होती. एखादा सरदार वारला की त्याचे निष्ठावंत एकामागून एक प्राण देत. कोणत्या घरातून किती जण गेले, यावरून घराण्याची प्रतिष्ठा मोजली जाऊ लागली. कित्येकांना खरी इच्छा असे, कित्येकांना लोक काय म्हणतील याचे भय असे. अखेर १६६३ मध्ये तेथील शासनालाच या सहमरणावर बंदी घालावी लागली. बंधु-भगिनींनो, हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

जपानमधील सर्वांत प्रसिद्ध घटना सत्तेचाळीस रोनिनांची. 'रोनिन' म्हणजे स्वामी नसलेला सामुराई. १७०१ मध्ये आसानो नागानोरी या सरदाराने राजधानीच्या किल्ल्यात किरा नावाच्या अधिकाऱ्यावर तलवार उपसली. त्याच दिवशी त्याला सेप्पुकूची आज्ञा झाली. त्याच्या सेवकांनी जवळजवळ दोन वर्षे वाट पाहून किराचा वध केला आणि ते शासनाला शरण गेले. आता त्यांचे काय करावे? स्वामिनिष्ठा हा तर परम धर्म मानलेला, आणि कायदा म्हणत होता की हा खून आहे. ओग्यू सोराइ या पंडिताने असे मत मांडले की, निष्ठेचा मान म्हणून त्यांना सेप्पुकू द्यावा, पण कायद्यातून सुटका देऊ नये. १७०३ मध्ये सेहेचाळीस जणांनी प्राण दिले. तोक्योतील सेंगाकुजी मंदिरात त्यांच्या समाधी आहेत. तेथे आजही लोक उदबत्त्या लावतात.

१८६८ मध्ये जपानमध्ये सत्तापालट झाला. त्याच वर्षी कोबे येथे परदेशी लोकांवर गोळीबाराचा हुकूम दिल्याबद्दल ताकी झेंझाबुरो या अधिकाऱ्याला परदेशी प्रतिनिधींसमक्ष सेप्पुकूची शिक्षा झाली. तेथे हजर असलेल्या मिटफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने तिचे वर्णन लिहिले आणि युरोपला हा विधी ठाऊक झाला. १८७३ मध्ये शिक्षा म्हणून सेप्पुकू रद्द झाला. तरीही मनातून तो गेला नाही. १९१२ मध्ये सम्राट मेइजी यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी सेनापती नोगी आणि त्यांच्या पत्नी शिझुको यांनी प्राणत्याग केला. काहींनी त्यांना देवत्व दिले, तर काही तरुण लेखकांनी ही कालबाह्य गोष्ट आहे असे स्पष्ट म्हटले. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी युद्धमंत्री अनामी यांनी हाच मार्ग घेतला. २५ नोव्हेंबर १९७० रोजी मिशिमा युकिओ या जगप्रसिद्ध लेखकाने तोक्योतील लष्करी ठाण्यात घुसून सैनिकांपुढे भाषण केले आणि मग सेप्पुकू केला. ते सैनिक त्यांची हुर्यो उडवीत होते. प्रथेमागचा समाज तोवर संपला होता.

हा इतिहास पाहिला म्हणजे सेप्पुकूची तीन लक्षणे दिसतात. त्याच्या केंद्रस्थानी मान आहे, म्हणजे इतरांच्या दृष्टीत आपण कसे दिसतो ते. त्याला साक्षीदार लागतात. आणि तो क्षणाचा आहे. एकदा हात उचलला की परतीची वाट नाही.

जपानमधील दुसरी वाट

जपान म्हणजे केवळ सामुराई नव्हेत. तेथील उत्तरेकडील यामागाता प्रांतात देवा पर्वतरांगांमध्ये काही बौद्ध तपस्वी धान्याचा त्याग करीत. वर्षानुवर्षे ते झाडांची फळे, बिया, साली एवढ्यावर राहत, देह क्रमाक्रमाने क्षीण करीत, आणि शेवटी ध्यानमग्न अवस्थेत देह ठेवीत. लोकांचे रोग व दुष्काळ टळावेत म्हणून हे तप आहे, अशी त्यांची भावना असे. शिन्न्योकाई नावाच्या अशा एका साधूचा १७८३ मध्ये अंत झाला. त्यांचा देह दाइनिचिबो मंदिरात आजही जतन केलेला आहे. पुढे मेइजी शासनाने या तपावरही बंदी आणली.

आपल्या दृष्टीने त्यांच्या साधनेत उणिवा आहेत. देह टिकून राहावा, लोकांनी त्याची पूजा करावी ही इच्छा आपल्याकडे दोष मानली जाईल. तथापि संथाऱ्याशी जपानमधील कशाची तुलना करायचीच झाली, तर ती या डोंगरांतील तपस्व्यांशी करता येईल. तलवार हाती घेतलेल्या सामुराईशी नाही.

आगमांची दृष्टी

आता आपल्या घरात येऊ. 'सल्लेखना' शब्दाची फोड सत् आणि लेखना अशी आहे. लेखना म्हणजे कृश करणे, पातळ करीत नेणे. काय कृश करायचे? काया आणि कषाय, दोन्ही. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय तसेच ठेवून केवळ शरीर सुकविले, तर ती सल्लेखना होत नाही. ते नुसते लंघन होते. या चार कषायांत 'मान' दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. सामुराई ज्याच्यासाठी मरे, तोच मान मरणापूर्वी सोडायचा अशी आपल्या धर्माची आज्ञा आहे. माझ्या मते मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर एवढ्यातच येते.

उरलेले अर्धे उत्तर भगवती सूत्रात मिळते. स्कंदक परिव्राजकाच्या शंकांचे समाधान करताना भगवान महावीरांनी मरणाचे दोन भेद सांगितले, बालमरण आणि पंडितमरण. बालमरणाचे बारा प्रकार मोजलेले आहेत. कड्यावरून उडी घेणे, झाडावरून पडणे, पाण्यात शिरणे, अग्नीत प्रवेश करणे, विष घेणे हे त्यांत आहेत, आणि शस्त्राने स्वतःचा देह विदारणे हेही आहे. जपानमध्ये सेप्पुकू रूढ होण्याच्या कितीतरी आधी आपल्या आगमाने त्या प्रकारचे मरण 'बाल' म्हणजे अजाण मरणात गणले आणि अशा मरणाने संसार वाढतो, असे सांगितले. पंडितमरणाचे दोनच प्रकार तेथे आहेत, पादपोपगमन आणि भक्तप्रत्याख्यान. भक्तप्रत्याख्यान म्हणजे आहाराचा क्रमाने त्याग. आपला संथारा तो हाच.

हा संथारा कोणी, केव्हा घ्यावा? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात चार प्रसंग सांगितले आहेत. टाळता न येणारा उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि उपाय न चालणारा रोग. 'उपाय न चालणारा' ही अट सर्वांना लागू आहे. उपाय असेल तर उपाय करायचा. पूज्यपाद स्वामींनी तत्त्वार्थसूत्रावरील टीकेत दिलेला दृष्टांत तर आपल्या व्यापारी समाजाला लगेच पटेल. व्यापाऱ्याच्या मालाच्या कोठाराला आग लागली, तर तो आधी आग विझविण्याची पराकाष्ठा करतो. कोठार नष्ट व्हावे असे त्याला मुळीच वाटत नाही. परंतु आग आवरत नाही असे दिसल्यावर तो निदान आतला मौल्यवान माल तरी बाहेर काढतो. देह हे कोठार आणि व्रते हा माल. कोठाराला स्वतःच काडी लावणारा तो आत्मघातकी.

समंतभद्रांविषयीची एक परंपरागत कथाही सांगण्याजोगी आहे. त्यांना भस्मक रोग जडला. कितीही खाल्ले तरी भूक शमेना. मुनिधर्म पाळणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची अनुमती मागितली. गुरूंनी ती नाकारली. तुझ्या हातून धर्माची मोठी सेवा व्हायची आहे, वेष उतरव, औषधोपचार घे, बरा हो आणि पुन्हा दीक्षा घे, असा त्यांचा आदेश होता. समंतभद्र बरे झाले, परत आले, आणि मग त्यांनी ग्रंथ लिहिले. ज्यांच्या ग्रंथातून आपण सल्लेखनेची व्याख्या शिकतो, त्यांनाच एकेकाळी सल्लेखना नाकारली गेली होती. नकार देण्याचा अधिकार गुरूंना आहे, आणि तो प्रसंगी वापरलाच पाहिजे.

पाच अतिचारांकडेही पुन्हा एकदा पाहू. प्रतिक्रमणात आपण ते भराभर म्हणून जातो. इहलोकाची इच्छा, परलोकाची इच्छा, जगण्याची इच्छा, मरणाची इच्छा आणि कामभोगांची इच्छा. यांत मरणाची इच्छा हाही दोष आहे! संथाऱ्यातील साधकाला वेदना सहन होत नाहीत, किंवा आपली कोणी विचारपूस करीत नाही, म्हणून 'लवकर सुटका व्हावी' असे वाटले, तर व्रताला दोष लागतो. उलट दर्शनाला गर्दी लोटली, जयजयकार झाला आणि 'असेच आणखी काही दिवस चालावे' असे वाटले, तरी दोषच. मरण हवेसे नाही, जगणे हवेसे नाही, असा हा समभाव आहे. ज्याला मरण हवेसे झाले आहे, त्याला आपला धर्म संथारा देत नाही. आत्महत्या आणि संथारा यांतील भेद इतका काटेकोर आहे.

शिवाय येथे परतीची वाट आहे. संकटकाळी घेतला जाणारा सागारी संथारा हा सवलतीसह असतो. संकट टळले तर आहार घ्यायचा आणि व्रती जीवन पुढे चालवायचे. दिगंबर परंपरेतही आधी ठराविक काळापुरती नियम सल्लेखना आणि नंतर यावज्जीव यम सल्लेखना असा क्रम आहे. देहाला आणि मनाला स्वतःची परीक्षा घेण्यास वेळ दिलेला आहे.

महाराष्ट्रातील उदाहरणे

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे. १८७२ मध्ये दक्षिणेतील भोज गावच्या पाटील घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये त्यांनी मुनिदीक्षा घेतली. १९२४ मध्ये सांगलीजवळच्या समडोळी येथे त्यांना आचार्यपद प्राप्त झाले. उत्तर भारतात जवळजवळ लुप्त झालेला दिगंबर मुनींचा विहार त्यांच्यामुळे पुन्हा सुरू झाला. वयाच्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांची दृष्टी मंदावली. डोळ्यांना दिसेना, तेव्हा चालताना व आहार घेताना जीवजंतूंची रक्षा कशी होणार? अहिंसा पाळता येत नसेल, तर देह कशासाठी पोसायचा? या विचाराने त्यांनी धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे निर्वाणक्षेत्र निवडले. आचार्यपद शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपविले. छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनंतर १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी देह ठेवला. उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी त्यांनी केलेला अंतिम उपदेश मराठीत आहे आणि तो ध्वनिमुद्रित झालेला आहे. भिऊ नका, संयम धरा, आत्मचिंतन करा, असा त्याचा सारांश आहे. स्वतःच्या मरणाचा गौरव त्यात नाही, कोणाविषयी तक्रार नाही.

जैनेतर महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. १९६६ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न, औषध व पाणी सोडून प्रायोपवेशन केले आणि २६ फेब्रुवारी रोजी देह ठेवला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी विनोबाजींनी पवनार आश्रमात अन्न व औषध घेण्याचे थांबविले. इंदिरा गांधींसह अनेकांनी विनंती केली, पण ते ढळले नाहीत. १५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले, आणि तो दिवस भगवान महावीरांच्या निर्वाणाचा होता. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीत सर्व जैन संप्रदायांना एकत्र आणून 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध करविण्यामागे याच विनोबांची प्रेरणा होती. त्या ग्रंथात संलेखनेचे स्वतंत्र प्रकरण आहे.

कायद्याची बाजू

राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा हा आत्महत्येसारखाच गुन्हा ठरविला, तेव्हा देशभरातील जैन समाज २४ ऑगस्ट रोजी मूक मोर्चे काढून रस्त्यावर उतरला. ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्यानंतर कायदाही बदलत गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली असतो असे गृहीत धरले आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत असे ठरविले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नाकारण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिले नाही. परंतु दुसऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त करणे हा गुन्हा आजही आहे, आणि ती व्यक्ती बालक किंवा मनोरुग्ण असेल, तर शिक्षा अधिकच कठोर आहे. कायद्याची नजर आता मरणाऱ्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या माणसांकडे अधिक आहे. मला वाटते, धर्माची नजरही तिकडेच असायला हवी.

आपली जबाबदारी

येथे १६६३ च्या त्या जपानी बंदीकडे परत येतो. स्वामीच्या मागे मरणे ही मूळची वैयक्तिक भावना होती. समाजाने तिची मोजदाद सुरू केली, घराण्यांची प्रतिष्ठा तिला चिकटली, आणि ती सक्ती झाली. कोणी उघड सक्ती केली नाही. लोकांच्या नजरेनेच ती केली. संथाऱ्याचे असे कधी होऊ शकणार नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो का?

संथारा सुरू होताच फलक लागतात, निमंत्रणे जातात, दर्शनाला वाहने येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. श्रद्धेपोटीच हे होते, याविषयी मला शंका नाही. पण अंथरुणावर पडलेल्या त्या वृद्ध श्राविकेचा विचार करा. चौथ्या दिवशी तिला घोटभर दूध घ्यावेसे वाटले, तर एवढ्या गर्दीसमोर ती ते मागू शकेल का? तिची सून ते देऊ शकेल का? मागू शकत नसेल, तर तिचा संथारा आपण सेप्पुकूच्या वाटेला नेला. अलीकडच्या काळात लहान मुलांचे दीर्घ उपवास आणि एका बालिकेला दिलेला संथारा यांवरूनही देशभर चर्चा झाली. ज्याला जीवनाचाच अर्थ कळलेला नाही, त्याने मरणाचा अर्थ समजून व्रत घेतले असे म्हणता येईल का? तीन मनोरथ आठवा. संथारा शेवटी आहे. त्याआधी परिग्रहत्याग आणि संयम यांत सारे आयुष्य जायचे असते. उपासकदशांगातील आनंद श्रावकाने वर्षानुवर्षे व्रते पाळली, प्रतिमा आराधल्या, आणि मग संलेखना केली.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टपुढे नम्रपणे पाच सूचना ठेवतो.

पहिली : संथाऱ्याची इच्छा व्यक्त झाली, की गुरुमहाराज किंवा महासतीजींच्या अनुमतीबरोबरच वैद्यकीय मतही घ्यावे. उपाय शिल्लक असेल तर आधी उपाय.

दुसरी : इच्छा व्यक्त करणाऱ्याशी एकांतात बोलावे. घरातील आजारपणाचा खर्च, मुलांवरचा भार, एकटेपणा, यांपैकी काही त्यामागे आहे का, हे आपुलकीने विचारावे. भार होतो म्हणून मरू पाहणाऱ्या वृद्धाला आधी आधार द्यायचा असतो.

तिसरी : अल्पवयीन मुले आणि मानसिक आजाराने त्रस्त असलेल्या व्यक्ती यांना यावज्जीव संथाऱ्याचे पच्चक्खाण देऊ नये, अशी विनंती संघाने गुरुजनांकडे करावी.

चौथी : संथारा चालू असताना फलक, वाद्ये, सत्कार, छायाचित्रे नसावीत. शांतता, नवकार मंत्र आणि स्वाध्याय एवढेच असावे. जो काही गौरव करायचा तो नंतर, आणि तोही त्यांच्या व्रतमय जीवनाचा.

पाचवी : पारणे करणाऱ्याला कमीपणा येऊ देऊ नये. सागारी संथाऱ्यातून जो परत आला, त्याने व्रत मोडले असे कोणी म्हणू नये. समंतभद्रांसारखा महापुरुषही परत आला होता.

आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य समजतो. आपण ज्या जिल्ह्यात व्यापार करतो, तेथे आपले गिऱ्हाईक शेतकरी आहे. कर्ज, दुष्काळ, पडलेले भाव यांनी खचलेले शेतकरी आपल्या ओळखीतून गेले आहेत. परीक्षेत अपयश आलेली मुले गेली आहेत. त्यांच्या मरणाला आपण दोष लावायचा नाही. त्यांना मरण हवे नव्हते. जगणे असह्य झाले होते. अशा वेळी माणसाला तत्त्वज्ञान नको असते, जवळ बसणारा कोणीतरी हवा असतो. दुकानात आलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला दिसला, तर उधारीची वही मिटून त्याला आधी चहा द्यावा, दोन शब्द बोलावेत. गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्यावे, शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. अभयदानाला आपल्या धर्माने श्रेष्ठ दान म्हटले आहे. कुंथलगिरीच्या अखेरच्या उपदेशातही भिऊ नका हे आश्वासन आहे, कारण भय गेल्याशिवाय संयम येत नाही.

मुलांनी पुन्हा विचारले की संथारा आणि हाराकिरी यांत फरक काय, तर त्यांना सांगावे : सामुराई मान राखण्यासाठी देह सोडी, साधक देह सोडण्यापूर्वी मान सोडतो. आणि हे उत्तर खरे ठेवणे संथारा घेणाऱ्यापेक्षा त्याच्या भोवती बसलेल्या आपणा सर्वांवर अधिक अवलंबून आहे, हेही सांगावे.

संस्थेने पन्नास वर्षांत माणसे जोडली. पुढील पन्नास वर्षांत आपल्या संघातील एकही वृद्ध एकाकी राहू नये, आणि ज्याला अंतसमयी समाधिमरण लाभेल त्याला ते शांतपणे, निर्भयपणे, गाजावाजाविना लाभावे, अशी मंगल कामना करून मी आपला निरोप घेतो.

जय जिनेंद्र! जय महावीर!